केबलचा डिस्क ब्रेक नीट लागत नाही, १५०० रुपयांत काय होईल? (सोलापूर)

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. सायकल हायब्रिड, ७००-सी चाकं, पुढं-मागं १६० एमएमचे केबलवाले डिस्क ब्रेक. कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारा भाग) एकाच बाजूचा पॅड ढकलणारा, सायकलीसोबतच आलेला. साधारण ३००० किमी झाले, पॅड अजून मूळचेच. माझं वजन ९२ किलो, वर कॅरिअरला पिशव्या. लीव्हर पार हँडलला टेकतो तरी सायकल जागेवर थांबत नाही, मागचं चाक तर घासटतसुद्धा नाही. कोजागिरीच्या आधी तुळजापूरला जाऊन यायचंय, येताना घाट उतरायचा आहे. बजेट १५००, दोन्ही चाकं मिळून. नवी सायकल घ्या आणि हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक) टाका, हे दोन सल्ले कृपया नकोत.

सातरस्ता_७००सी
हायड्रॉलिक टाका. शिमानोचा एमटी२०० घ्या, एका बोटानं थांबतो. माझ्या दोन्ही सायकलींना तोच आहे. मिनरल ऑइलवर चालतो, नळी भरलेलीच येते. बजेट थोडं वाढेल, पण एकदाच खर्च.

होटगी_रोड
साहेब, शेवटची ओळ वाचली का?

शेंगाचटणी
मेटल पॅड टाका, विषय संपला. रेझिनचे (चिकट्यात बांधलेले) पॅड म्हणजे खडू.

काळीमाती
मेटल पॅड टाकण्याआधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) बारीक अक्षरात काय कोरलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं असतं. शिमानोचे आरटी५६ आणि आरटी१० तसलेच. त्यांचं पोलाद मऊ, मेटल पॅड ते खाऊन टाकतो. शिमानोचा नवा रोटर १.८ एमएम जाड असतो, १.५ वर आला की बदलायचा. शिवाय मेटल पॅड गरम झाल्यावर रंगात येतो, गार असताना पहिली पकड रेझिनचीच चांगली. घाटासाठी मेटल ठीक, पण हा घाट काही तासभर उतरायचा नाही.

आता मूळ प्रश्न. लीव्हर हँडलला टेकतो याचा अर्थ पॅडपर्यंत पुरेसा जोर पोहोचतच नाही. अशा वेळी पॅड कुठलाही टाका, फरक थोडाच पडेल. एकबाजू कॅलिपरमध्ये बाहेरचा पॅड हलतो, आतला (स्पोककडचा) जागेवर बसलेला असतो. बाहेरचा पॅड रोटरला ढकलून आतल्यावर नेऊन दाबतो. आतला पॅड झिजून लांब गेला की लीव्हरची निम्मी चाल रोटर वाकवण्यातच जाते. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि वरून रोटर बघा. एका बाजूला वाकताना दिसला तर दुखणं तेच.

इलाज फुकट आहे. आतल्या पॅडला ॲलन कीचा स्क्रू असतो, काही मॉडेलला हातानं फिरवायची चकती. पॅड रोटरला टेकेपर्यंत आत घ्या, मग घासण्याचा आवाज जाईल इतपतच मागं सोडा. मध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट राहिली की पुरे. त्यानंतर बाहेरचा पॅड केबलच्या ताणानं जवळ आणा.

गड्डा_मैदान
वरच्यांनी सांगितलं तेच सांगतो, आतला पॅड जवळ घ्या. आणि केबल ताणायच्या गोल नटानं पॅडची झीज भरून काढू नका.

शेंगाचटणी
का? तो नट त्यासाठीच असतो ना?

काळीमाती
नाही. तो शेवटच्या अर्ध्या-एक एमएमसाठी. नटानं केबल ओढत गेलात की कॅलिपरचा हात (केबल जिथं आवळलेली असते ती दांडी) ब्रेक न दाबताच पुढं सरकून बसतो. दांडीला फिरायला ठरावीकच जागा. त्यातली निम्मी आधीच खर्ची पडली तर ऐन वेळी ती शेवटाला जाऊन अडते, लीव्हर कडक लागतो आणि पॅड मात्र पुरता दाबलेला नसतो. हाताला वाटतं ब्रेक मस्त, सायकल आपली चाललेलीच. पॅड रोटरला लागतो त्या क्षणी दांडी आणि केबल साधारण काटकोनात असली की जोर सगळ्यात जास्त मिळतो. म्हणून झीज पॅडच्या स्क्रूनं भरायची, नट जवळजवळ पूर्ण आत.

नवीपेठ_पाना
पॅडवर तेल गेलंय का ते कुणी विचारलंच नाही. चेनवर स्प्रे मारताना मागच्या रोटरवर हमखास उडतं. चाक घासटतसुद्धा नाही म्हणताय, मला तर तेलच वाटतंय. पॅड काढून बघा. काळपट, ओला, चकाकणारा असेल तर प्यायलाय. कोरडा, राखाडी, थोडा खरखरीत असेल तर ठीक.

वीजापूर_नाका
पॅड गॅसवर भाजायचे, तेल जळून जातं. सोपं.

नवीपेठ_पाना
धूर निघतो म्हणून तेल गेलं असं वाटतं. पॅड आतून सच्छिद्र असतो, खोलवरचं तेल दोन ब्रेकिंगमध्ये पुन्हा वर येतं. आणि रेझिन पॅडमधला चिकटा जळला की थर पत्र्यावरून सुटतो. तो घाटात सुटला तर काय, ते सांगायला नको. नुसती चकाकी असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड आठाच्या आकड्यात घासा. तेल प्यायलेला असेल तर सरळ फेकून द्या.

वीजापूर_नाका
आमच्याकडं चाललंय बुवा भाजून.

होटगी_रोड
पॅड काढले. पुढचे राखाडी, अजून दीडएक एमएम शिल्लक. मागचा एक काठाला चमकतोय. रोटर सॅनिटायझरनं पुसला तर चालेल का? घरात बाटल्या पडून आहेत.

नवीपेठ_पाना
अजिबात नको. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा थर रोटरवर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) घ्या, ९९ टक्केवालं, मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. धुतलेलं सुती फडकं घ्या, एकदा पुसलं की घडी बदला. रोटरच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. डब्ल्यूडी-४० कुणी सुचवेल, त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

सातरस्ता_७००सी
एवढी पुसापुशी हायड्रॉलिकला लागत नाही.

नवीपेठ_पाना
हायड्रॉलिकचे पॅड तेल पीत नाहीत का?

हिप्परगा_सकाळ
आमच्या वेळच्या रॉड ब्रेकला फक्त रबर बदलायचं. ही डिस्कची फॅशन कशाला? व्ही-ब्रेक (रिमला रबर दाबणारा) नीट लावला तर सपाट सोलापुरात काय कमी पडतंय?

काळीमाती
कमी पडत नाही, मान्य. पण यांच्या फ्रेमवर व्ही-ब्रेकचे खुंटे नसतील तर ही चर्चा इथंच थांबवू. शिवाय पावसात काळ्या मातीचा चिखल रिमवर बसला की रबर आणि रिम दोन्ही पॉलिश पेपरनं घासल्यासारखे झिजतात.

तुळजापूर_चढ
आउटरबद्दल (केबलवरच्या नळीबद्दल) कुणी बोललं नाही, खरा पैसा तिथं लावा. ब्रेकचा साधा आउटर म्हणजे चपट्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. जोरात दाबलं की ते आखडतं, तुमची ओढ त्यात जिरते. मागचा आउटर पूर्ण लांबीचा असेल तर जास्तच. लीव्हर आवळून धरा आणि आउटरची टोकं आणि वळणं बघा, हलताना दिसतील. 'कॉम्प्रेशनलेस' ब्रेक आउटर मागा. त्यात तारा लांबीला समांतर असतात आणि वरून विणीचं बळकट आवरण. लीव्हर एकदम घट्ट लागतो.

शेंगाचटणी
समांतर तारा तर गिअरच्या आउटरमध्ये पण असतात. तो स्वस्त आहे, तोच टाका.

तुळजापूर_चढ
टाकू नका हो! गिअरचा आउटर ४ एमएमचा, त्याला ते विणीचं आवरण नसतं. ब्रेकच्या जोरानं तारा बाजूनं फुटून बाहेर येतात, आणि फुटतो तो नेमका जोरात ब्रेक दाबल्यावर. ब्रेकचा आउटर ५ एमएम, आत वायर १.५ किंवा १.६ एमएमची. गिअरची वायर १.२, तीही ब्रेकला चालत नाही. दुकानदार 'सगळं एकच असतं' म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

गड्डा_मैदान
बरोबर. गिअरचा आउटर ब्रेकला नको.

वीजापूर_नाका
पुढं १८० एमएमचा रोटर टाका की. डोळ्यालाही भारी दिसतो.

काळीमाती
हिशोब सोपा आहे. त्याच दाबाला १६० वरून १८० वर गेलात की रोखायची ताकद साडेबारा टक्के वाढते, कारण त्रिज्या तेवढी वाढली. फुकटचं नाही, पण वाईटही नाही. मात्र २० एमएमचा ॲडॅप्टर लागतो, आणि फोर्क किती रोटर पेलतो ते कंपनीनं ठरवलेलं असतं, त्याच्यावर जायचं नाही. शिवाय केबल आखडत असताना १८० लावणं म्हणजे गळक्या घागरीला मोठं तोंड.

होटगी_रोड
काल रात्री केलेलं: आतला पॅड जवळ घेतला, दोन्ही रोटर पुसले, मागचे पॅड घासले. पुढचा ब्रेक खूप सुधारला, लीव्हर आता अर्ध्यावर थांबतो. मागचा अजून मऊच. नवे पॅड घेतले तर लगेच चालतील का?

नवीपेठ_पाना
लगेच नाही. नवा पॅड किंवा घासलेला पॅड, दोन्ही रोटरवर बसवून घ्यावे लागतात. मोकळा रस्ता बघा, ताशी २० च्या आसपास वेग घ्या, एकसारखा दाब देत चालण्याच्या वेगापर्यंत आणा, सोडा. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. प्रत्येक चाकाला वेगवेगळं २०-२५ वेळा. यात पॅडचा बारीक थर रोटरवर समान बसतो, पकड त्या थरामुळं येते. मध्येच रोटर थांबवून धरलात तर तिथं ठिपका बसतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. झाल्यावर रोटरला हात लावू नका, चटका बसेल.

सातरस्ता_७००सी
पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवता की डाव्या? डावीकडंच बरा.

गड्डा_मैदान
उजव्या. मोटारसायकलसारखा. सवय एकच राहते.

सातरस्ता_७००सी
उजव्या हातानं इशारा करायचा असतो, तेव्हा पुढचा ब्रेक कोण दाबणार?

काळीमाती
यासाठी वेगळा धागा काढा दोघं. होटगी_रोड, पैसे पुढच्या चाकावर घाला. जोरात थांबताना वजन पुढं जातं, मागचं चाक हलकं होतं, तिथं कितीही ताकद आणली तरी ते घसरणारच. पुढं रेझिनचे नवे पॅड, पुढं कॉम्प्रेशनलेस आउटर, नवी वायर. पॅड विकत घेताना जुना सोबत न्या, आकार जुळवूनच घ्या. लीव्हरही थोडा आत सरकवा, म्हणजे बोट त्याच्या टोकावर पडेल. तिथं कमी जोरात जास्त दाब मिळतो.

तुळजापूर_चढ
पुढच्याला दुजोरा. पुढं आधी.

शेंगाचटणी
मी पण पुढंच म्हणतो. मेटल.

होटगी_रोड
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: कॉम्प्रेशनलेस आउटर आणि नवी वायर फक्त मागं टाकतोय, नवे पॅडही मागंच. पुढचा आता माझ्या मनासारखा लागतोय, त्याला हात लावणार नाही. कोजागिरीच्या आसपास त्या रस्त्यावर पायी जाणारे भाविक असतात, मला तिथं वेग कमी ठेवूनच उतरायचंय, आणि लांब उतारावर वेग धरून ठेवायला मागचा ब्रेक हवा. उरलेल्या पैशात आयपीएची बाटली.

काळीमाती
चुकीच्या चाकावर पैसे घालताय, पण तुमची सायकल. निदान मूठ आवळून उतरू नका. एका ब्रेकवर सतत दाब धरला की रेझिन तापून चकाकतो आणि पकड जाते. दोन्ही ब्रेक आळीपाळीनं, थोडे जोरात दाबून सोडायचे, मधल्या वेळात रोटर गार होतो.

तुळजापूर_चढ
मागचंच करणार असाल तर आउटर जुन्याच्या मापानं आधी कापू नका. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, ताण आला नाही पाहिजे, आणि कॅलिपरपाशी कोपरा न होता मोठं वळण राहिलं पाहिजे. कापायला केबल कटरच वापरा, पक्कडीनं समांतर तारा चेपतात. कापल्यावर आतली प्लास्टिक नळी चपटी होते, टाचणीनं तोंड मोकळं करा, मगच आउटरच्या टोकाची टोपी बसवा. कॉम्प्रेशनलेसला त्याच्याच टोप्या लागतात, जुन्या ढिल्या बसतात.

होटगी_रोड
टोप्या पाकिटात आल्या आहेत, चार. रविवारी बसवतो.

शेंगाचटणी
मेटल टाकले असते तर रविवार वाचला असता.