लपलेल्या फायली आणि फोल्डर: तुम्हाला काय काय सापडलं?

भाजणी
परवा भाचा पेन ड्राइव्ह घेऊन आला. "मावशी, प्रॉपर्टीज बघितल्या तर अर्ध्याहून जास्त भरलेला, उघडला तर रिकामा." ते ऐकलं आणि सायबर कॅफेचे दिवस आठवले. प्रोजेक्टची प्रिंट काढून घरी आले, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट! त्यातच आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती सांगायची आणि बाबा टाइप करायचे. आजी तोवर गेली होती, त्यामुळे पुन्हा विचारायची सोय नव्हती. शेजारच्या दादाने काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून एक ओळ टाइप केली आणि फोल्डर परत दिसायला लागले. व्हायरसने काही पुसलंच नव्हतं, फक्त फोल्डरांवर हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारले होते. बाबा तिथेच खुर्चीत बसून रडले. तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा.

पावशेर
अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी आणि पुढे ड्राइव्हचं अक्षर. आमच्या डीटीपीच्या दुकानात ही ओळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेली होती. लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर घेऊन येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये तेच. गिऱ्हाईक रडकुंडीला यायचं, मुहूर्त आठ दिवसांवर! आधी चहा मागवायचा, मग स्कॅन, मग ही ओळ. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका हे सांगून घसा बसायचा.

शिशिरा
विंडोज ११ वाल्यांसाठी: व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. १० मध्ये व्ह्यू टॅबवरच चौकोन आहे. पोळ्या करतेय, बाकी नंतर.

पाणकणीस
@शिशिरा तेवढ्याने भाजणीताईंच्या भाच्याचं दिसणार नाही. सिस्टिमचाही शिक्का असेल तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' ही खूणही काढावी लागते. अशा फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये हिडनचा चौकोन करडा असतो, क्लिकच होत नाही. म्हणून तर ती काळी खिडकी.
एक्सपीच्या काळात याहून चिवट प्रकार होता. 'शो हिडन फाइल्स' निवडा, ओके करा, पुन्हा उघडा, परत जैसे थे. व्हायरस रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शोऑल नावाच्या कप्प्यातली चेक्डव्हॅल्यू १ ची ० करून ठेवायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टाला अपडेट देऊन पेन ड्राइव्हचं ऑटोरन (लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होणं) बंद केलं. ऑटोरन नसेल तर क्लिक माणसाच्याच हातून व्हायला हवं, त्यासाठी शॉर्टकटचं सोंग.

खारका
भाजणी, आजींच्या ओव्या कुठल्या भागातल्या? माझी आजी मुळशीची. दळताना म्हणायची, कुणी लिहून घेतल्या नाहीत 😔

भाजणी
खारका, जुन्नरकडच्या. अगं, पण ती फाइल आता उघडली तर सगळी अगम्य अक्षरं दिसतात. बाबांनी श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं होतं.

पावशेर
घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. श्री-लिपी ते युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) कन्व्हर्टर वापरा. पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास गडबड होते. मूळ फाइल मात्र अजिबात पुसू नका.

शिशिरा
खारका, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव जाऊन जमवलेला. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. मुळशीच्याही आहेत, नक्की ऐक.

खारका
ऐकतेय. एका ओवीला डोळे भरले. खूप खूप आभार गं.

तिसरीघंटा
वहिनीचा प्रबंध. लाइट गेली, वर्डची फाइल सेव्ह केलेली नव्हती, दुसऱ्या दिवशी गाइडला दाखवायचं होतं. विंडोजचं बटण आणि आर दाबून टक्का-अ‍ॅपडेटा-टक्का लिहिलं, आत मायक्रोसॉफ्ट, त्यात वर्ड. तिथे .एएसडीवाली, म्हणजे वर्डने आपोआप सेव्ह केलेली फाइल! अ‍ॅपडेटा फोल्डर मुळातच लपवलेला असतो, त्यामुळे तिथे बघायचं कुणाला सुचत नाही. शेवटची पाच-सहा वाक्यं तेवढी पुन्हा लिहावी लागली. वहिनीने त्या रात्री शिरा केला.

खारका
शिरा 😋 केळं घालून की साधा?

तिसरीघंटा
केळं घालून. प्रसादाचाच म्हणा.

पाणकणीस
लिनक्सवर हा सगळा प्रकार फार साधा आहे. नावाच्या आधी टिंब दिलं की फाइल लपली. कंट्रोल-एच दाबलं की दिसली. मॅकवर कमांड-शिफ्ट-टिंब. लिनक्सच्या आधीची प्रणाली युनिक्स, तिच्या जन्मकाळात रॉब पाइक हे प्रोग्रामर तिथे नव्हते, पण पुढे त्यांनीच लिहिलंय की हे ठरवून झालंच नाही. यादीत एक टिंब (हाच फोल्डर) आणि दोन टिंबं (वरचा फोल्डर) या नोंदी नकोत म्हणून प्रोग्राममध्ये पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच तपासलं गेलं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली. मला हा किस्सा फार आवडतो.

सुपारीबाग
सगळं वाचून मीही हिडन फाइल्स चालू केल्या. सी ड्राइव्हवर पेजफाइल आणि हायबरफिल अशा दोन अगडबंब फायली दिसताहेत. डिलीट करू का? ड्राइव्ह लाल झालाय.

पाणकणीस
थांबा! पेजफाइलला हात लावू नका, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं. हायबरफिल, म्हणजे हायबरनेट करताना रॅममधलं साठवायची फाइल, मात्र काढता येते, पण डिलीट करून नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी -एच ऑफ लिहा, अर्थात सगळं इंग्रजीत. मग हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतील, म्हणजे चालू व्हायला थोडा वेळ लागेल. आणि काम झालं की संरक्षित फायलींची खूण परत लावून ठेवा. घरात मुलं असतील तर नक्कीच.

सुपारीबाग
केलं! लाल पट्टी निळी झाली. खूण पण लावली. मुलाची व्हॅन आली, पळते.