सुरुवातीचे राष्ट्रीय पोल्स: त्यांत वाचायचं काय?

वाटसरू

२०२८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीसाठी अजून एकही मत पडलेलं नाही. तरी न्यूसम, हॅरिस, बुटिजिज, व्हान्स ही नावं घेऊन कोण कितीने पुढे याचे मथळे सुरू झालेत. माझं म्हणणं सरळ मांडतो. पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान राज्याराज्यांत होतं, आणि त्याची सुरुवात जिथून होत आली त्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायरचं मतदान इतकं लांब असताना घेतलेल्या राष्ट्रीय पोलमधून, म्हणजे देशभराच्या जनमत चाचणीतून, उमेदवारी कोणाला मिळणार हे कळत नाही. लोकांना कोणाचं नाव ओळखीचं वाटतं, एवढंच कळतं.

२००७ चं वर्ष आठवा. रिपब्लिकन पोल्समध्ये जवळपास वर्षभर रूडी जुलिआनी आघाडीवर होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावेळचे न्यूयॉर्कचे महापौर म्हणून त्यांना सगळा देश ओळखत होता. त्यांनी सुरुवातीची राज्यं जवळजवळ सोडून दिली आणि सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली. २९ जानेवारी २००८ ला तिथे ते तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. उमेदवारी मिळाली ती जॉन मॅकेन यांना, ज्यांची मोहीम २००७ च्या उन्हाळ्यात पैशाअभावी मोडकळीला आली होती. डेमोक्रॅट्सकडे ऑक्टोबर २००७ च्या गॅलप पोलमध्ये हिलरी क्लिंटन ५० टक्क्यांवर आणि ओबामा २१ वर होते. तीन महिन्यांनी आयोवात ओबामा पहिले आणि क्लिंटन तिसऱ्या.

त्याआधी २००३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅट्समध्ये जो लीबरमन पुढे दिसत होते, कारण २००० साली ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. मतदान सुरू झाल्यावर त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही.

नमुन्याचाही प्रश्न आहे. हजार लोकांचा पोल म्हटलं की भक्कम वाटतं. पण त्यातले एका पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यातल्या मतदानात) मत देऊ म्हणणारे निघतात चारशेच्या आसपास. चारशेच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ५ टक्क्यांच्या घरात जाते. मग ३ टक्के आणि २ टक्के यांत फरक तो काय राहिला? तरी याच फरकावर कोणाला वादसभेच्या मंचावर घ्यायचं ते ठरतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आकडेमोड

वाटसरू, उदाहरणं तुम्ही निवडून घेतलीत. मी उलट बाजूची देतो.

१९८० चे रेगन, १९८८ चे थोरले बुश, १९९६ चे डोल, २००० चे धाकटे बुश. हे चौघंही सुरुवातीच्या पोल्समध्ये पुढे होते आणि चौघांनाही उमेदवारी मिळाली. २००० मध्ये अल गोर, २०१६ मध्ये हिलरी, २०२४ मध्ये ट्रम्प यांचंही तेच. २०१९ मध्ये बायडन बहुतेक सगळं वर्ष पुढे होते. मग आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले आणि सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं. २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनात ४८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन ते परतले. कृष्णवर्णीय मतदारांमधला त्यांचा पाठिंबा पोल्समध्ये वर्षभर दिसत होता. ज्यांनी पोलमधले मतदारांचे गटवार तक्ते वाचले त्यांना धक्का बसला नाही.

आणि २०१५ विसरू नका. ट्रम्प यांनी १६ जूनला उमेदवारी जाहीर केली आणि जुलै संपण्याआधी ते पोल्सच्या सरासरीत पुढे गेले. तेव्हा मोठमोठे विश्लेषक नेमकं तुमचंच म्हणणं मांडत होते. आत्ताचे आकडे म्हणजे फक्त नाव, जुलिआनी आठवा, वाट बघा. जेब बुश यांना पाठिंबा देणाऱ्या सुपर पॅककडे (कितीही मोठ्या देणग्या घेऊ शकणाऱ्या प्रचारसंस्थेकडे) वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच १० कोटी डॉलरच्या वर जमले होते, त्याचा दबदबा होता. पोल्स मात्र महिनोन्‌महिने एकच गोष्ट सांगत होते, आणि ती खरी ठरली. जुन्या अपवादांवर विसंबून समोरचा आकडा नाकारायचा, यालाही पूर्वग्रहच म्हणतात.

वैदेही_आयोवा

आयोवात बरीच वर्षं राहतेय. २००८ च्या कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला लोक जमतात त्या सभेला, मला मताधिकार नव्हता, पण बघायला गेले होते. शाळेच्या जिममध्ये माणसं कोपऱ्याकोपऱ्यात आपापल्या उमेदवाराच्या नावाखाली उभी. ज्या गटात १५ टक्के माणसं जमली नाहीत तो बाद. मग त्या माणसांना बाकीचे गट आपल्याकडे ओढायला लागतात. शेजारी शेजाऱ्याला गाठतो, शिक्षिका जुन्या विद्यार्थ्याला. डेमोक्रॅट्सचा कॉकस तेव्हा असाच चालायचा.

अशा ठिकाणी दुसऱ्या पसंतीला पहिल्याइतकीच किंमत. फोनवर "आज मतदान झालं तर कोणाला?" एवढंच विचारणाऱ्या पोलमध्ये हे कुठून येणार? म्हणून दोन्ही बाजूंना माझं सांगणं असं की पोल कोणत्या प्रश्नाचा आहे ते आधी बघा. पहिली पसंती, दुसरी पसंती, मन बदलू शकतं असं म्हणणारे किती, उमेदवाराबद्दल चांगलं मत असणारे किती. पहिल्या पानावर छापला जातो तो यातला एकच आकडा.

चांगला पोल काय करू शकतो तेही याच राज्याने दाखवलं. २००८ च्या कॉकसआधी डी मॉइन रजिस्टर या वृत्तपत्राच्या शेवटच्या पोलमध्ये तो पोल घेणाऱ्या अ‍ॅन सेल्झर यांनी ओबामांना सात टक्क्यांनी पुढे दाखवलं होतं. पहिल्यांदाच कॉकसला येणाऱ्यांची संख्या प्रचंड असेल, असं त्या पोलमध्ये होतं. क्लिंटन आणि आणखी एक उमेदवार जॉन एडवर्ड्स या दोघांच्या गोटांतून त्यावर टीका झाली. कॉकसच्या रात्री तीच माणसं रांगा लावून आली.

आकडेमोड

वैदेहीताई, तुमचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. पोल नीट घेतला आणि नीट वाचला तर त्यात माल असतो.

वाटसरू

पण तो पोल कधीचा? मतदानाच्या तोंडावरचा आणि एकाच राज्यातला. मी बोलतोय वर्ष-दीड वर्ष आधीच्या देशभराच्या आकड्यांबद्दल. आणि मतदानाच्या तोंडावरचे पोल्सही कसे घसरतात बघा. त्याच २००८ मध्ये आयोवानंतर पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर होतं. पोल्सची सरासरी ओबामांना आठ टक्क्यांच्या आसपास पुढे दाखवत होती. जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६. २०१६ च्या मिशिगन प्रायमरीत क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे दिसत होत्या, तिथे सँडर्स जिंकले. सर्वसाधारण निवडणुकीत माणूस सहसा पक्ष सोडत नाही. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे इकडून तिकडे जायला त्याला काहीच अडवत नाही.

डेट्रॉइटवाला

मिशिगनचं नाव निघालंच आहे तर आपल्या माणसाचं उदाहरण देतो. निवडणूक अध्यक्षपदाची नव्हती, गव्हर्नरपदाची होती, पण मुद्दा तोच. २०१८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बेळगावचे श्री ठाणेदार उभे होते. स्वतःचे लाखो डॉलर ओतून त्यांनी इतरांच्या खूप आधी टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत काही पोल्समध्ये ते ग्रेचेन व्हिटमर यांच्या पुढे दिसत होते. इथल्या मराठी घरांमध्ये तेव्हा केवढी उमेद होती! ऑगस्टमध्ये व्हिटमर जवळपास ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या, ठाणेदार तिसरे.

ते खचले नाहीत. पुढे राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले, याचा मला अभिमान आहे. पण तो सुरुवातीचा आकडा जाहिरातींचा होता. बाकीच्यांच्या जाहिराती सुरू झाल्यावर तो विरघळला. २०२० मध्ये अब्जाधीश ब्लूमबर्ग यांचंही तेच. जाहिरातींच्या जोरावर एका राष्ट्रीय पोलमध्ये १९ टक्क्यांपर्यंत गेले आणि शेवटी फक्त अमेरिकन सामोआ जिंकले.

आकडेमोड

यातूनच वाचायची रीत निघते की. नाव ओळखणारे किती आणि त्यातले पसंत करणारे किती, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा. ज्याला ९५ टक्के लोक ओळखतात आणि २५ टक्केच मत देऊ म्हणतात, त्याला वाढायला जागा थोडी. ज्याला निम्मेच ओळखतात आणि तरी १५ टक्के पाठिंबा आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवावं. पोल्स फेकून दिलेत तर हे कुठून कळणार?

जर्सीकर

तुम्ही सगळे पहिल्या राज्यांबद्दल बोलताय. आमचं काय? २०१६ मध्ये न्यू जर्सीची प्रायमरी ७ जूनला होती. रिपब्लिकनांमधले क्रूझ आणि केसिक मेच्या पहिल्या आठवड्यातच बाहेर पडले होते. डेमोक्रॅट्समध्ये ६ जूनच्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने क्लिंटन यांना पुरेसे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळाल्याचं जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मतदान केंद्रावर गेलो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. आमच्या पसंतीचा विचार कोणी केला असेल तर तो त्या राष्ट्रीय पोल्सनीच. म्हणून ते कच्चे असले तरी मला हवेत.

वाटसरू

जर्सीकर, तुमची तळमळ पटते. पण राष्ट्रीय पोलमुळे तुमचं मत मोजलं जातं की तुमच्यासमोरचे पर्याय आधीच छाटले जातात? ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन उमेदवारांच्या पहिल्या वादसभेसाठी पाच राष्ट्रीय पोल्सची सरासरी काढून फक्त दहा जण मुख्य मंचावर घेतले. कार्ली फिओरिना बाहेर राहिल्या. त्या संध्याकाळच्या दुय्यम सभेत त्या इतक्या चांगल्या बोलल्या की पुढच्या वेळी सीएनएनला नियम बदलून त्यांना आत घ्यावं लागलं. केसिक जेमतेम आत आले आणि तेच पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले. केसिक त्या दिवशी बाहेर राहिले असते, तर त्यांना देणग्या कोणी दिल्या असत्या? डेमोक्रॅट्सकडे कोरी बुकर २०१९ च्या डिसेंबरमध्ये आणि नंतर जानेवारीतही मंचाबाहेर राहिले. आयोवात एक मत पडण्याआधी, १३ जानेवारी २०२० ला त्यांनी माघार घेतली. सॅम्पलच्या त्रुटीत मावणाऱ्या फरकावर माणसं स्पर्धेतून जातात. याला मी मोजमाप म्हणायला तयार नाही.

आकडेमोड

मग चाळणी कशाची लावणार? देणगीदारांची संख्या? २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी ६५ हजार देणगीदारांची अट ठेवलीच होती. नंतर ती वाढवली, तेव्हा टॉम स्टायर यांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा खर्चून देणगीदार जमवले. पक्षनेत्यांवर सोडायचं? १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शक आणि पोलिसांत दंगल झाली ते ठाऊक आहेच. त्या संतापातूनच तर आजची प्रायमरी पद्धत उभी राहिली. पोल हे सामान्य माणसाला विचारण्याचं साधन आहे. त्याची धार बोथट असेल, पण त्याच्या जागी येतात ते पैसेवाले आणि पुढारी.

वाटसरू

पैसेवाल्यांबद्दल माझं दुमत नाही. पण जून २०१९ ला मायामीत वीस उमेदवारांना दोन रात्रींत विभागलं होतं, पोलच्या क्रमाने अव्वल आणि दुय्यम असे गट पाडले नव्हते. पहिलं मतदान होईपर्यंत दर सभेला तसंच करा. १ टक्क्याची किमान अट ठेवा, त्यावर उंबरठा वाढवू नका.

आकडेमोड

वीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं. त्यात गाजतो तो टोला. त्याच मायामीत कमला हॅरिस यांनी बायडन यांना शाळेच्या बसवरून (वंशभेद मोडायला मुलांना दुसऱ्या भागातल्या शाळांत बसने नेण्याला त्यांनी पूर्वी केलेल्या विरोधावरून) घेरलं, त्यांचे आकडे उसळले, आणि ३ डिसेंबरला पैसे संपले म्हणून त्या बाहेर पडल्या. तुमच्या योजनेत असे उसळणारे आकडे वाढतील.

वैदेही_आयोवा

एक गोष्ट राहतेय. डेमोक्रॅट्सनी २०२४ ला आमचा पहिला नंबर काढून साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने ते मानलं नाही, २३ जानेवारीला मतदान घेतलंच, आणि मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी बायडन यांचं नाव हाताने लिहून त्यांना जिंकवलं. आता २०२८ ला पहिलं कोण मत देणार यावर बरंच ठरेल. गोऱ्या, ग्रामीण आयोवाने सुरुवात झाली तर एक उमेदवार वर येईल, साउथ कॅरोलायनाने झाली तर दुसरा. ज्याला पोल्स वाचायचेत त्याने आधी हे वेळापत्रक शोधावं आणि मग त्या राज्यातले आकडे बघावेत.

जर्सीकर

आणि जूनमध्ये मत देणाऱ्यांनी?

वैदेही_आयोवा

तुमच्या राज्याच्या पक्षाला पत्र लिहा, तारीख अलीकडे आणायला सांगा. २००८ मध्ये न्यू जर्सीने ५ फेब्रुवारीला मतदान घेतलं होतं, म्हणजे ते जमतं.