मदत हवी आहे: 'ओव्हरग्रोन'ला मराठीत काय म्हणावं?

एका कथेच्या भाषांतरात अडकलेय. 'ओव्हरग्रोन' दोनदा आलाय. आधी बागेसाठी: गवत गुडघ्यापर्यंत, पायवाट दिसेनाशी झालेली. तिथे 'रान माजलेली बाग' छान बसतं. ('अतिवाढ झालेली' म्हटलं की डॉक्टरांचा रिपोर्टच वाटतो.)

खरी पंचाईत पुढे आहे. चाळिशीच्या नवऱ्याला बायको 'ओव्हरग्रोन स्कूलबॉय' म्हणते. इथे 'माजलेला' लिहिलं तर तो उर्मट ठरेल! ती वैतागलीय, पण बोलण्यात थोडा लाडही आहे. 'नुसता एरंडासारखा वाढलाय' सुचलं, पण त्यात शाळकरी खोडकरपणा येत नाही. 'घोडा झाला तरी पोरकटच' कसं वाटतं? की जास्तच टोचेल?

आणि 'ओव्हरग्रोन विथ' असलं की 'विथ'नंतर माजलेलं तण किंवा वेल येतो, जागा आधी येते, बरोबर ना?