मदत हवी आहे: एडीएचडी, पालक प्रशिक्षण ऑनलाइन करावं की पुण्याला जाऊन?

प्रीतिसंगम:

नमस्कार मंडळी. मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. नुकतंच पुण्यात एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) निदान झालं. डॉक्टर म्हणाल्या, औषधाचं इतक्यात नको, आधी तुम्ही दोघं पालक प्रशिक्षण करा, म्हणजे अशा मुलाशी कसं वागायचं ते शिका. घरी येऊन वाचलं तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: चार वर्षांपासून सहावा वाढदिवस होईपर्यंत पहिला उपाय हाच. तेव्हा करायचं हे नक्की. गाडी अडलीय ती कुठे करायचं यावर.

आम्ही कराडला. पुण्यातला वर्ग दर शनिवारी सकाळी, दहा आठवडे, सात-आठ घरांचा गट. म्हणजे पहाटेची एसटी आणि मुलगा दिवसभर सासूबाईंकडे. नवरा साखर कारखान्यात, गाळप हंगाम सुरू झालाय, पाळी सुटत नाही. जाणार मी एकटीच. दुसरा पर्याय ऑनलाइन, रात्री नऊला, हिंदी-इंग्रजी मिसळून, पण समोर शिकवणारी व्यक्ती असते, प्रश्न विचारता येतात. तिसरा सगळ्यात स्वस्त: रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, सवडीने बघा.

एका वेळी एकच सूचना द्या, जवळ जाऊन द्या, ऐकलं की लगेच नेमकं कौतुक करा, हे सगळं मला आता पाठ आहे. पण सकाळी "बूट घाल" म्हटलं की हा एक मोजा घेऊन गॅलरीत जातो, कुंडीत मुंग्या दिसतात, मोजा कुंडीत, आणि खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत. त्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं, हे स्क्रीनवरून शिकता येतं का? कुणी दोन्ही प्रकार केलेत का? सासूबाईंचं म्हणणं, "याचा बाप असाच होता, काही करायला नको." दुपारभर मुलगा त्यांच्याचपाशी असतो, म्हणून तोही प्रश्न आहेच.

निंबोणी:

मी मुलांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ. तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारणच लिहिते.

ऑनलाइन म्हणजे दुय्यम, असं समजू नका. पेनसिल्व्हेनियातल्या जॉर्ज ड्यूपॉल यांच्या गटाचा २०१८चा अभ्यास नेमका यावरच आहे. एडीएचडीची शक्यता असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांची ४७ कुटुंबं: काहींना समोरासमोर दहा सत्रं, काहींना ऑनलाइन दहा, काही प्रतीक्षायादीत, म्हणजे अजून प्रशिक्षण न मिळालेली. दोन्ही प्रकारांत पालक शिकले आणि मुलांचं वागणं प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा सुधारलं. समोरासमोरचा वर्ग पालकांना जास्त भावला, इतकंच. अभ्यास लहान आहे, हेही लक्षात ठेवा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्हाला मुलासोबत वागताना कुणी बघणार आहे का? पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी नावाची पद्धत आहे. तीत पालक मुलाशी खेळतात, थेरपिस्ट एकतर्फी काचेमागून बघतात आणि पालकांच्या कानातल्या यंत्रात हळूच सांगत राहतात, "आता दुर्लक्ष करा", "आता शाबासकी द्या". हेच घरच्या कॅमेऱ्यावरूनही करतात. तेव्हा ऑनलाइनवाल्यांना फोन करून स्पष्ट विचारा: आमचा घरचा व्हिडिओ बघून सांगणार का, की नुसतं ऐकायचं? नुसतं ऐकायचं असेल तर पुण्याच्या वर्गातही तुमचा मोजा कुंडीतच राहणार. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पूरक म्हणून ठीक.

अपेक्षेबद्दलही सांगते. प्रशिक्षणाने हट्ट, उलट उत्तरं, घरातली रोजची भांडणं कमी होतात, पालकांना हे सवयीने जमायला लागतं. मूळ चंचलपणा आणि लक्ष न लागणं यांत फरक कमी दिसतो, विशेषतः मुलाचं वागणं मोजणाऱ्याला कुणी प्रशिक्षण घेतलंय हे माहीत नसतं तेव्हा. पुढे औषध लागलंच तर एडीएचडीचं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं, २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. पुण्याच्या खेपा तेव्हासाठी राखून ठेवल्यात तरी चालेल.

आणि जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत करणारं) आहे का, चौकशी करा. ही केंद्रं ज्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात, त्याच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे.

चकलीचा_बाबा:

आम्ही गटात जाऊन केलं. शिकवलेलं निम्मं विसरलो, पण चहाच्या सुट्टीत दुसऱ्या बापांशी बोलणं झालं ते कामाला आलं. "तुमचाही असंच करतो?" हे ऐकायला मिळणं मोठं असतं, ते झूमवर होत नाही. तरी तुमच्या जागी असतो तर ऑनलाइनच घेतलं असतं. तुम्ही एकट्याच पुण्याला जाऊन शिकलात, तर घरी येऊन नवऱ्याला आणि सासूबाईंना शिकवायची नवी नोकरी लागेल, आणि तिथे कुणी ऐकत नाही, अनुभव आहे. बक्षिसाचा तक्ता (चांगलं वागलं की खूण, खुणा जमल्या की बक्षीस) आईने लावायचा आणि आजीने न मागता चॉकलेट द्यायचं, हे आमच्याकडे बरेच दिवस चाललं.

प्रीतिसंगम:

दोघांचेही आभार. उद्याच फोन करून व्हिडिओचं विचारते. निंबोणीताई, एक शंका: सासूबाईंना पहिल्यापासून सत्राला बसवायचं, की आधी आम्ही दोघांनी थोडं शिकून मग?

निंबोणी:

पहिल्या सत्राला बसवा. "असाच होता" म्हणणाऱ्या आजीला विचारा, मुलाच्या बापाचं तेव्हा काय काय चालायचं. शिकवणाऱ्यांना ती माहिती हवीच असते, एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात असतो. त्यांना सांगायला मिळालं की त्या दुसऱ्या सत्रालाही येतील. मात्र घरी त्यांच्याकडे एकच काम द्या: मुलाने सांगितलेलं ऐकलं की त्याच क्षणी काय चांगलं केलं ते बोलून दाखवायचं. तक्ता, शिस्त तुमच्याकडे.

प्रीतिसंगम:

हे जमेल. मराठीतून थेट ऑनलाइन प्रशिक्षण घेणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि करा. हिंदी-इंग्रजीत सासूबाई दहा मिनिटांत उठतील.