मदत हवी आहे: हातातली बॅग काउंटरवर फुकट चेक-इन करून घेतात का?

राम राम मंडळी. पुढच्या आठवड्यात आई-दादांना घेऊन संभाजीनगरहून दिल्लीला जायचंय, बहिणीकडे. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. तिकिटात माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान आहे. १५ किलो तर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी अन् लोणच्याच्या बरण्यांतच संपले. आईला किती समजावलं, पण लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं म्हणजे तिला पटतच नाही, आणि मलाही ते बरोबरच वाटतं.

अडचण हातातल्या बॅगांची आहे. दादांचे गुडघे धरलेत. विमानाच्या शिडीवर एका हातात काठी असते, दुसऱ्या हातानं कठडा धरायचा, मग बॅग कुठं धरायची? ऐकलंय की विमान भरलेलं असलं की गेटवर हातातल्या बॅगा फुकट खाली घेतात. पण आपणच काउंटरवर आधी विनंती केली तर घेतात का? की १५ किलोच्या वर झालं म्हणून किलोमागं पैसे लावतात? व्हीलचेअर सांगितली असेल तर काही सवलत मिळते का?

दादांचं इन्सुलिन, पॉवर बँक आणि कागदपत्रं मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवणार आहे, ते खाली द्यायचं नाही एवढं माहीत आहे.

चिकलठाणा विमानतळावरून अलीकडं कुणी गेलं असेल तर अनुभव सांगा. कंपनीचं नावही सांगितलं तर बरं होईल, नियम सगळ्यांचे सारखे नसतात म्हणे.