मदत हवी आहे: १८ इंची काठवट कातायला केवढा लेथ घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात घरातली जुनी काठवट आरपार तडकली. आजीच्या वेळची, फणसाची, १८ इंची. आई म्हणाली, "एवढा लेथ घेऊन बसलायस, एक काठवट करून दे की." तिथेच गाडं अडलं. माझा लेथ १२ इंची. त्याच्यावर आजवर झालं काय, तर लाटणी, पोळपाट, चौरंगाचे पाय आणि नातेवाइकांनी तोंडदेखलं कौतुक केलेले पेनस्टँड.

तर मोठा लेथ घ्यायचा हे नक्की. चिपळूणजवळ घरामागे १० बाय १४ ची पत्र्याची शेड आहे, खाली कोबा, वीज सिंगल फेज. पैसे साठायला अजून सहा-आठ महिने लागतील, तोवर काय हवं आणि काय नको ते ठरवून ठेवतोय.

स्विंग, म्हणजे लेथवर फिरू शकणारा जास्तीत जास्त व्यास, २० इंची हवा. ओंडका कापून आणला की तो काही गोल नसतो, कोपरे धरून १९ इंच सहज भरतात. पण विक्रेते स्विंग सांगतात तो बेडच्या (लेथच्या आडव्या पायाच्या) वरचा. हत्यार टेकवायच्या टूल रेस्टचा बांजो (तिला बेडवर धरणारा सरकता भाग) खाली आला की तीन-चार इंच गेलेच. काठवटीची बाहेरची बाजू कातताना हे आडवं येतं का?

सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय ते वेगाने. माझ्या लेथचा कमीत कमी वेग ५०० आरपीएम. त्यावर एकदा ओल्या फणसाचा ११ इंची गोळा लावला, तर लेथ टेबलासकट दाराकडे चालायला लागला. हसू नका, मी स्विच सोडून आधी बाहेर पळालो होतो. आता हिशेब करा: १८ इंची चकती ५०० ला फिरवली तर तिची कड सेकंदाला १२ मीटर जाते, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. स्कूटरचा वेग झाला. व्यास इंचात गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या आत ठेवा असा कातकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. त्याने १८ इंचाला ३३० ते ५०० येतात, तेही गोळा गोल झाल्यावर. सुरुवातीला मला १००-१५० च हवेत. म्हणून व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा कंट्रोलर, हवाच असं माझं मत झालंय. मोटर २ एचपी. पण व्हीएफडीला थ्री फेज मोटर लागते आणि माझ्याकडे फेज एकच. जमतं का हे?

स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या दांड्याचं: त्यावर बसणारा, लाकूड जबड्यात पकडणारा माझा चक १ इंच ८ टीपीआयचा (इंचाला ८ आटे). मोठ्या लेथना सव्वा इंच ८ टीपीआय नाहीतर एम३३ (३३ मिमी आटे) असतो. चकचा इन्सर्ट बदलून भागतं की नवा चकच घ्यावा? टेलस्टॉक (लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) मात्र एमटी२ मापाच्या निमुळत्या भोकाचाच पाहिजे, जुने सेंटर वाया घालवायचे नाहीत. हेडस्टॉक (स्पिंडल असलेला भाग) सरकणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो बेडच्या टोकाला नेला की समोर उभं राहून आतून कोरता येतं, बेडवर ओणवं व्हावं लागत नाही. चाळिशीनंतर कंबर हेही एक फीचर आहे. लांबीचा मोह नाही, तीन फूट पुष्कळ झाले.

कागदावर पाहिलं तर पॉवरमॅटिक ३५२०सी मध्ये हे सगळं आहे: २० इंच स्विंग, ३५ इंच लांबी, २ एचपी, सरकता हेडस्टॉक, वजन ३०० किलोच्या वर. पण अमेरिकेतून आणायचं म्हणजे भाडं, कस्टम आणि उद्या बोर्ड जळला तर कोणाच्या दारात जायचं? दुसरी वाट राजकोट किंवा पंजाबातल्या बटाल्याकडच्या देशी लेथची. तिसरी, इथल्याच एका फॅब्रिकेटरची. तो म्हणतो, "लोखंडी चॅनेलचा बेड करून देतो, म्हणाल तेवढा लांब." बिडाचा बेड थरथर पचवतो, वेल्डिंगचा घंटेसारखा वाजतो असं ऐकून आहे. चॅनेलच्या जागी चौकोनी पाइप घेऊन आत वाळू भरली तर चालेल का? कोणी केलंय?

प्रतिसाद:

दादा, सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी मिळतो, तो बाहेर २३० व्होल्ट थ्री फेज देतो. २ एचपीची मोटर आपल्याकडे बहुधा ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असते, ती डेल्टात जोडली की २४० वर चालते. फक्त टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी बाहेर आल्यात का ते आधी बघा. तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडे जावं लागेल. १६ अँपियरचा पॉइंट वेगळा ओढा. व्हीएफडी आहे म्हणून पुली एकच ठेवू नका, दोन-तीन टप्प्यांची ठेवा. नुसता व्हीएफडीने वेग पाडला तर मोटरचा जोर कमी पडतो, पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. बंद करायचं बटण लोहचुंबकाचं घ्या, टेलस्टॉककडे उभे असाल तिथे चिकटवता येतं. उलटं फिरवणार असाल तर चकला ग्रब स्क्रू (स्पिंडलवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) हवाच, नाहीतर चक सुटून अंगावर येईल. आणि पहिला गोळा चकमध्ये नको, फेसप्लेटला (स्पिंडलवर बसणाऱ्या धातूच्या चकतीला) जाड स्क्रूंनी धरा.

लेथपेक्षा लाकडाचं बघा. ओंडक्याचा गाभा काठवटीत आला की ती तडकणारच. गाभा काढून, ओली असताना पावणेदोन इंच जाड कातून ठेवा, टोकांना मेण लावा आणि सावलीत पाच-सहा महिने विसरून जा. मग पुन्हा लावून बारीक करा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. मामाच्या बंद पडलेल्या गिरणीची २ एचपी मोटर पडून होती, आज झाकण उघडून पाहिलं. सहा वायरी आहेत, प्लेटवर १४४० आरपीएम. आजीची काठवटही पुन्हा नीट पाहिली, तडा बरोबर गाभ्यातूनच गेलाय. उद्या फणस बघायला जातोय, म्हणजे लेथ येईपर्यंत लाकूड तरी कापून ठेवता येईल.

वाळू भरलेल्या बेडचं मात्र अजून कोणी बोललं नाही.