मदत हवी आहे: झोपेसाठी ऑनलाइन सीबीटी कोणी केली आहे का?

नमस्कार मंडळी. लालबागला चाळीत राहते, वय बेचाळीस. रात्री झोप लागत नाही, लागली तर तीनला उघडते. डॉक्टरांनी थायरॉइड वगैरे तपासून झाल्यावर गोळ्यांआधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धती, करून बघा म्हटलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी हाच पहिला उपाय सांगितलाय. साधारण सहा ते आठ सत्रं असतात, म्हणून ऑनलाइन करायचं ठरवतेय. नोकरी करून दर आठवड्याला कुणाच्या दवाखान्यात जाणार!

अडचण नियमांची आहे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत जा म्हणतात. आमची दुसरी खोली म्हणजे कॉमन गॅलरी! घरात सासूबाई, मुलं, सगळे खाली ओळीने झोपलेले. अशा घरात हे कसं जमवलंत?

दुसरं, सुरुवातीला अंथरुणातला वेळच कमी करतात, म्हणजे झोप सलग होते. पण त्या आठवड्यांत दिवसा पेंग येते म्हणे. मी सकाळी दादरहून लोकल पकडते, बहुतेकदा दाराशीच उभी. वेळ किती कमी केला, कामावर कसं निभावलं? झोपेची डायरी ठेवतेच आहे.

मराठीतून व्हिडिओवर सत्रं घेणारं कोणी माहीत आहे का? फीसुद्धा सांगा. नुसत्या अ‍ॅपवर भागतं की माणूस लागतोच?

जायफळ-दूध, पायाला तूप, सगळं करून झालंय, ते कृपया सुचवू नका.